मुहूर्त कुणाचा, भुर्दंड कुणाला

परळीच्या वैजनाथाला हात लावता येतो. बारा ज्योतिर्लिंगांच्या यात्रेला निघालेल्या माणसाला याचं अप्रूप वाटतं, परळीकरांना मुळीच वाटत नाही. गाभारा आणि सभामंडप इथे एकाच पातळीत आहेत, त्यामुळे मंडपात पाऊल टाकलं की समोर थेट पिंडी दिसते. पुढे सरकायचं, शाळिग्रामाच्या काळ्याभोर पिंडीवर बेल वाहायचा, तळवा टेकवायचा, जमलं तर कपाळही. मग मागून कुणीतरी म्हणतं, "चला माउली, पुढं सरका." श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांग पायऱ्यांच्याही खाली जाते. तेव्हा तळवा टेकवायला मिळणारा वेळ एका श्वासाएवढा असतो. त्या एका श्वासात माणसं आपलं सगळं बोलून घेतात: पोराची नोकरी, पोरीचं लग्न, कोर्टातली तारीख, सुनेची कूस.

हा स्पर्श सर्वांना मोकळा का, याची एक कथा आहे. समुद्रमंथनातून धन्वंतरी आणि अमृत वर आले तेव्हा दैत्य झडप घालायला धावले. विष्णूने दोघांनाही या लिंगात लपवलं. दैत्यांनी हात घालताच लिंगातून ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी हात लावला तेव्हा त्याच लिंगातून अमृत पाझरलं. लिंग तेच, हातही तसेच. फरक पडला तो हात कशासाठी पुढे आला यावर.

पुढल्या पानांत परळी-अंबाजोगाईच्या पंचक्रोशीतल्या आणि या परिसराशी नातं सांगणाऱ्या काही कथा एकत्र केल्या आहेत. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या वाट पाहण्याच्या आहेत. देवाने दिलेला शब्द, त्या शब्दाला लागलेला उशीर आणि त्या उशिरात माणसं काय करून बसली, एवढाच त्यांचा विषय. प्रवचनात हा विषय फार पटकन उरकला जातो. देवावर भरवसा ठेवा, त्याच्या वेळेला तो देईल, घाई करू नका, झालं. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर मला वेगळंच काही दिसू लागलं. कुणी घाई केली आणि कुणी धीर धरला यापेक्षा त्या घाईचा किंवा त्या धीराचा भुर्दंड कुणाला बसला, ते बघायला हवं.

रावणापासून सुरुवात करणं भाग आहे. शिवपुराणातली वैद्यनाथाची कथा अशी. शंकर प्रसन्न व्हावा म्हणून रावणाने एकेक करून नऊ मस्तकं वाहिली. दहावं वाहणार तोच शंकर प्रकट झाला, त्याने सगळी मस्तकं पूर्ववत केली आणि वैद्य ठरला. रावणाने लिंग लंकेला न्यायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण अटीवर: वाटेत कुठेही खाली ठेवायचं नाही, ठेवलं तर तिथून हलणार नाही. रावण निघाला. वाटेत त्याला लघवीला लागली. दहा तोंडांचा, वीस हातांचा, कैलास हलवणारा हा वीर आणि एवढी एक गोष्ट मात्र त्याला पुढे ढकलता येईना. जवळच एक गुराखी होता. त्याच्या हातात लिंग दिलं, "एवढं धर, आलोच." गुराख्याला तो भार सोसेना. त्याने ते खाली ठेवलं आणि देव तिथेच राहिला.

ही कथा झारखंडातलं देवघरही आपली म्हणून सांगतं. गुरुचरित्र वाचणाऱ्या घरांत तीच गोकर्णाची म्हणून ओळखीची आहे. तिथे गुराख्याच्या जागी गणपती आहे, विष्णू सुदर्शनाने सूर्य झाकतो आणि रावणाची सायंसंध्येची वेळ झाल्याचा भास निर्माण करतो. कुठलं वैद्यनाथ खरं, या वादात मी पडणार नाही. त्यावर पंडितांनी शाई पुष्कळ खर्च केली आहे आणि परळीत तो विषय काढणं तसंही शहाणपणाचं नाही.

मला थांबवतो तो गुराखी. रावणाला वचन खरंच मिळालं होतं, त्यासाठी त्याने किंमतही मोजली होती. स्वतःची नऊ मस्तकं कापून देणाऱ्याला आळशी किंवा अश्रद्ध म्हणता येणार नाही. चुकलं ते पुढे. देव आपल्याच पत्त्यावर आला पाहिजे, आपल्याच चालीने आला पाहिजे, या हट्टापायी स्वतःच्या वचनाचं ओझं त्याने रस्त्यावरच्या एका पोराच्या हातात दिलं. त्या पोराने काही मागितलं नव्हतं. शंकराशी झालेल्या कराराची त्याला कल्पनाही नव्हती. कीर्तनात गुराख्याच्या या भागावर लोक हसतात, कारण कथा रावणाच्या फजितीची आहे. पण गुराख्याच्या बाजूने ती एकदा वाचून बघावी.

महाभारताच्या आदिपर्वात विनतेची गोष्ट आहे. कद्रू आणि विनता या कश्यपाच्या दोन बायका. कद्रूने हजार पुत्र मागितले, विनतेने दोनच, पण कद्रूच्या हजारांपेक्षा सरस. अंडी झाली. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटून नाग बाहेर आले, विनतेची दोन्ही तशीच. सवतीचं अंगण पोरांनी भरलेलं आणि आपलं रिकामं, हे तिला बघवेना. तिने एक अंडं फोडलं. आत अरुण होता, कमरेपर्यंत पूर्ण, खाली अपुरा. त्याने आईला शाप दिला की तू पाचशे वर्षं सवतीची दासी होशील आणि दुसऱ्या अंड्याला हात लावला नाहीस तरच त्यातला मुलगा तुला सोडवेल. दुसऱ्यातून गरुड आला. इकडे हस्तिनापुरात गांधारीनेही तेच केलं. शंभर पुत्रांचा वर पदरात असताना, दोन वर्षं गर्भ वाहिल्यावर, कुंतीला मुलगा झाल्याचं कानावर येताच तिने स्वतःच्या पोटावर आघात करून घेतला आणि हाती आला मांसाचा गोळा.

दोघींचीही घाई कुठून आली बघा. शेजारच्या घरातल्या पाळण्यातून. देवाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता असं कथा कुठेच म्हणत नाही. विश्वास होता, पण डोळे दुसरीकडे लागले होते. आणि भुर्दंड? विनतेला दास्य आलं हे खरं, पण जन्मभर अपुऱ्या पायांनी सूर्याचा रथ हाकायचं नशीब अरुणाच्या वाट्याला आलं. आई चुकली, अंग मुलाचं अपुरं राहिलं.

बायबलमधली अब्राहामाची कथा मराठी ख्रिस्ती घरांत याच कारणासाठी सांगतात. देवाने त्याला संततीचं वचन दिलं. तो निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. वर्षं उलटली, सारेला मूल होईना. शेवटी तिनेच आपली मिसरी दासी हागार नवऱ्याच्या स्वाधीन केली. देवाला जमत नसेल तर आपण जमवू, असा तो हिशेब. अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा असताना इश्माएल झाला. पुढे, त्याच्या शंभराव्या वर्षी, सारेला इसहाक झाला. मग एके दिवशी भाकर आणि पाण्याची पखाल देऊन हागार आणि तिचा मुलगा रानात धाडले गेले. पाणी संपल्यावर तिने लेकराला एका झुडपाखाली टाकलं आणि त्याचं मरण डोळ्यांनी बघायला नको म्हणून ती दूर जाऊन बसली. अब्राहामाच्या अधीरपणाचा धडा म्हणून ही कथा सांगितली जाते. पण अधीर झाले ते दोघे म्हातारे घरात राहिले आणि वाळवंट तुडवलं ते दासीने. सांगायची बाब ही की देव त्या रानात हागारेशी बोलला आणि तिला विहीर दाखवली.

आता हेच बीड जिल्ह्यात बघू. दसरा झाला की परळी, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी या भागांतून ऊसतोडीला माणसं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती 'कोयत्या'वर मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला अर्धा कोयता. घरात पोरगी वयात येत असली की आईबापाच्या डोक्यावर दोन ओझी असतात. सहा महिने तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हे एक. आणि लग्न लावून दिलं तर जावयाच्या घरी एक कोयता पुरा होतो, हे दुसरं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मांडवात सगळे म्हणतात, "योग आला, स्थळ चालून आलं, देवाच्या मनात होतं." देवाचं नाव घ्यायला हरकत नाही, पण ती वेळ देवाने ठरवलेली नव्हती. ती गाळपाच्या हंगामाने आणि उचलीच्या व्यवहाराने ठरवली होती. अंडं फोडलं गेलं आणि अपुरं राहिलं ते पोरीचं आयुष्य.

आईबापांना दोष देऊन मी सुटू पाहत नाही. घाई ही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पंचांगातून आलेली असते. पेरणीचं घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. एक-दोन सरी येतात, मातीचा वास सुटतो आणि कृषी विभाग ओरडून सांगत असतो की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ओल खोल जाऊ द्या, वाफसा येऊ द्या. शेतकऱ्याला हे ठाऊक नसतं का? त्याच्या आजालाही ठाऊक होतं. तरी सोयाबीन आणि कापूस मातीत जातो. शेजाऱ्याची तिफण चाललेली असते, बियाणं उधारीवर आणलेलं असतं आणि पेरणी लांबली की पीकही लांबतं, उतारा घटतो, मात्र देणेकऱ्याची तारीख जिथल्या तिथे असते. मग पाऊस ताण देतो, कोंब करपतात आणि दुबार पेरणी येते. बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा. या शेतकऱ्याला 'सबुरी ठेव' असं सांगणारा माणूस सहसा पगारदार असतो.

परळीच्या औष्णिक वीज केंद्राचीही तीच गत. १९७० च्या दशकापासून इथल्या धुराड्यांनी परळीचं नाव दूरवर नेलं. २०१५ साली दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि सगळे संच थांबवावे लागले. कोळसा होता, यंत्रं होती, इंजिनिअर होते. नव्हता फक्त पाऊस. मेगावॉटमध्ये मोजणारी माणसंही त्या वर्षी आभाळाकडे बघत होती. त्या वाट पाहण्यात कुणाचा दोष काढता येत नाही, निदान आभाळापुरता तरी.

पण सगळी वाट पाहणी आभाळाची नसते, आणि या प्रस्तावनेत मला एका गोष्टीची चीड नोंदवायची आहे. परळीला रेल्वे निजामाच्या राजवटीपासून आहे. जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बीडला नव्हती. नगर-बीड-परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं. ज्या पोरांनी सर्वेक्षणाच्या खुंट्या बघितल्या, त्यांची पोरं आता कॉलेजात आहेत. या तीस वर्षांत कितीतरी सभांत लोकांना 'धीर धरा' असं सांगितलं गेलं. त्या दिवशी गाडीला हार घालणाऱ्या गर्दीतही "प्रत्येक गोष्टीची वेळ यावी लागते" हे वाक्य नक्कीच उच्चारलं गेलं असणार, कारण ते आपल्याकडे कुठल्याही उशिरावर पांघरूण म्हणून घातलं जातं. निधी, भूसंपादन, केंद्र आणि राज्य यांचा निम्मा-निम्मा वाटा ही माणसांची कामं आहेत. ती रखडली तर त्याला रखडणं म्हणावं. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवायचा तो स्वतःच्या वाट्याच्या उशिरात. दुसऱ्याला ताटकळत ठेवून वर त्याला श्रद्धेचे धडे द्यायचे, याला आपल्या भाषेत चांगला शब्द नाही.

दुसऱ्या टोकाला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणारे आहेतच, पण त्यांच्याबद्दल पुरेसं लिहिलं गेलं आहे.

या संग्रहातली मला सगळ्यात प्रिय कथा दासोपंतांची. अंबाजोगाई परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथे मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांचीही. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जाणारा 'गीतार्णव' लिहिणारे, पासोडीवर 'पंचीकरण' लिहिणारे हे दत्तभक्त १५५१ साली नारायणपेठेला जन्मले. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीत वसुलीचे अधिकारी. परंपरा सांगते की वसुलीची रक्कम सरकारात भरणा झाली नाही तेव्हा बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतलं आणि मुदत घातली: महिन्याभरात पैसे भरा, नाहीतर मुलाचं धर्मांतर होईल. इथेही भुर्दंड कुणाच्या अंगावर आला ते बघा. देणं बापाचं, मुदत बादशहाची, कोंडला गेला मुलगा. महिना सरत आला. पोराच्या हातात दत्ताच्या नावाशिवाय काहीच नव्हतं. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक गडी दरबारात आला, आपण दिगंबरपंतांचा चाकर असल्याचं म्हणाला, पूर्ण रक्कम भरली आणि निघून गेला.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही याच बिदर दरबाराची. तिथे विठू महार थैली घेऊन आला होता. दोन्ही कथांत देव गरिबाच्या, चाकराच्या वेषात येतो आणि चोख भरणा करतो. दामाजीच्या कथेत तर पावतीही घेतो, आणि ती पुढे दामाजीच्या पोथीत सापडते. देव आला तरी हिशेब सरकारी पद्धतीनेच पुरा करून गेला, हे मला फार मराठी वाटतं.

दासोपंत मात्र तिथे थांबले नाहीत. आपल्यासाठी देवाला चाकर व्हावं लागलं, ही गोष्ट त्यांना लागली. ते घर सोडून माहूरला गेले आणि बारा वर्षं तप करत राहिले. मग गोदाकाठच्या राक्षसभुवनला, मग अंबाजोगाईला. एका महिन्याच्या मुदतीत देव धावून आला होता आणि त्याच देवाने पुढच्या भेटीसाठी बारा वर्षं लावली. पहिली मुदत बादशहाची होती, दुसरीला मुदतच नव्हती. त्या बारा वर्षांचा खर्च दासोपंतांनी स्वतः सोसला, दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर घातला नाही.

परळीचे जगमित्र नागा याच जातीचे. महिपतींनी 'भक्तविजया'त त्यांची कथा सांगितली आहे आणि परळीत त्यांचं स्थान आजही आहे. गावाने दिलेली जमीन नव्या अंमलदाराच्या डोळ्यांत सलली. ती हिसकावायला निमित्त हवं म्हणून त्याने सांगितलं की माझ्या मुलीच्या लग्नात देवकाला वाघ लागतो, आणून दे. असली मागणी कुणी पुरी करावी म्हणून करत नाही. जगमित्र अंमलदाराशी भांडले नाहीत, जमिनीचे कागद घेऊन धावले नाहीत, कुणा शिष्याला पुढे केलं नाही. स्वतः रानात गेले, पांडुरंगाला हाक मारली आणि वाघाच्या गळ्यात उपरणं बांधून त्याला वेशीपर्यंत घेऊन आले. गावाने दारं लावून घेतली. ज्याने वाघ मागवला तोच "घेऊन जा" म्हणून पाया पडू लागला. या कथेत हसू येतं ते अंमलदाराच्या घाबरगुंडीचं. माझं लक्ष त्या उपरण्याकडे जातं. दुसरं काही बांधायला नव्हतंच त्या माणसाकडे.

आणि सावित्री. परळीकर सांगतात की ती इथलीच. डोंगरावर वटेश्वराचं देऊळ आहे, वडाखाली सत्यवान पडला तो तिथेच. सोळाव्या वर्षी लिंगाला मिठी मारून यमाला परत धाडणारा मार्कंडेयही परळी आपलाच मानते. मरणाच्या ठरलेल्या वेळेशी झगडणारी दोन माणसं एकाच गावाने दत्तक घ्यावीत, हे मला योगायोगाचं वाटत नाही. गाव वैद्यनाथाचं आहे. वटपौर्णिमेच्या पूजेत सावित्री फार मऊ होऊन गेली आहे. महाभारताच्या वनपर्वातली बाई तशी नाही. नारदाने सांगितलेली एका वर्षाची मुदत तिला माहीत होती आणि ते वर्ष तिने मनातल्या मनात मोजलं. सासूसासऱ्यांना कळू दिलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. चार दिवस उरले तेव्हा तीन रात्रींचं व्रत धरलं. ठरल्या दिवशी नवऱ्याबरोबर रानात गेली. यम आला तेव्हा तिने त्याचा पाश ओढला नाही, रडून पायही धरले नाहीत. ती त्याच्यामागे चालत राहिली आणि बोलत राहिली, इतकं चांगलं की यम खूश होऊन एकेक वर देत गेला: सासऱ्याचे डोळे, सासऱ्याचं राज्य, बापाला शंभर पुत्र, मग तिला स्वतःला शंभर पुत्र. आणि शेवटी, ओघानेच, नवरा.

देवाच्या वेळेवर भरवसा म्हणजे गप्प बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या बाईचं चालणं बघावं. तिने देवाशी वाद घातला, पण वाट कापली ती स्वतःच्या पायांनी. आणि मागताना आधी आंधळ्या सासऱ्याचं मागितलं. रावणाच्या हातून निसटलं ते हिच्या हाती लागलं, त्याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागत नाही.

नवसाबद्दल चार शब्द. नवस म्हणजे माणसाने देवाला घातलेली मुदत. "पुढच्या शिवरात्रीच्या आत पाळणा हलला तर अभिषेक करीन." तुकोबांनी नवसाने पोरं होण्याच्या समजुतीची यथेच्छ टर उडवली. तरी नवस काही थांबले नाहीत आणि मीही त्यावर नाक मुरडणार नाही. वैजनाथाच्या पायऱ्यांवर नवस फेडायला आलेली माणसं पाहिली की कळतं, त्यातल्या कितीकांनी मुदत केव्हाच ओलांडलेली असते. "पाच वर्षांमागं बोलले व्हते, आता झालं," असं एखादी म्हातारी सहज सांगते. देवाने तारीख चुकवली म्हणून तिने फेड चुकवलेली नसते. मुदत घालताना ती सावकारासारखी बोलली असेल, फेडताना तसं वागत नाही.

देवळाच्या महाद्वारापाशी एक मिनार आहे, त्याला प्राची किंवा गवाक्ष म्हणतात. चैत्रात आणि आश्विनात ठरावीक दिवशी उगवत्या सूर्याची किरणं त्यातून वैजनाथाच्या पिंडीवर पडतात, असं सांगितलं जातं. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे दिशासाधन ज्या गवंड्याने बसवलं, त्याने सूर्याला ओढून आणलं नाही. दिशा नीट मोजली, भोक नीट ठेवलं आणि ते दिवस येण्याआधी काम पुरं केलं. प्रवचनकारांपेक्षा तो गवंडी मला या विषयातला जास्त जाणकार वाटतो.

एक कथा मात्र माझ्या या सगळ्या हिशेबात बसत नाही आणि ती मी मुद्दामच गाळलेली नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी, कोकणस्थांची कुलस्वामिनी, हिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण पोचेपर्यंत मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली, कुमारिका. इथे कुणी घाई केली नाही, कुणी हट्ट केला नाही, कुणाचा अंमलदार आडवा आला नाही. नुसता उशीर झाला, आणि तोही प्रत्यक्ष देवांच्या लग्नात. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवा म्हणणाऱ्यांना या कथेत देवच वेळ चुकलेला दिसेल. भरपाईची सोय कथेत नाही. लग्न पुढे झालं असं ती म्हणत नाही, त्यातच काही भलं होतं असंही म्हणत नाही. पंचवीस किलोमीटरच्या अंतरावर दोन देवळं आहेत आणि दोन्हीकडे रोज आरती होते. जिच्यासाठी काही जुळून आलं नाही अशा बाईला सांगण्यासारखी गोष्ट या भागात ही एकच आहे, आणि तिच्यावर उपदेशाचं ठिगळ लावायला माझं मन धजलं नाही.

कथांचा क्रम मी काळाप्रमाणे लावलेला नाही. बोलीतली वाक्यं जशी कानावर आली तशी ठेवली आहेत, ती शुद्ध केलेली नाहीत. एकाच कथेची रूपं गावागणिक बदलतात; त्यांतलं परळी-अंबाजोगाईकडे सांगितलं जाणारं रूप घेतलं आहे. देवघरच्या आणि गोकर्णाच्या भाविकांनी राग मानू नये. सवड असेल त्यांनी दासोपंतांपासून सुरुवात करावी. ज्यांना घाई आहे त्यांनी विनतेची गोष्ट आधी वाचावी. ती सगळ्यात लहान आहे.